ज्वारीएवढं शिसं की मोहरीएवढं टंगस्टन?

आमच्या इकडे अमेरिकेत, मिझुरीत, एप्रिल उजाडला की ऑफिसात दोनच विषय असतात, टॅक्स भरला का आणि टर्की पक्ष्याच्या शिकारीला जाणार का. मी स्वतः शिकार करत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरच्या भारतात वाढल्यामुळे शिकार म्हणजे गुन्हा हेच डोक्यात फिट्ट बसलेलं, पण टीममधला एक जण मागच्या सीझनला मला बंदुकीच्या दुकानात आणि तिथून रेंजवर घेऊन गेला. दुकानात त्याने काउंटरवर दोन बॉक्स ठेवले. एकात दहा काडतुसं, दुसऱ्यात पाचच, आणि पाचवाल्याची किंमत दहावाल्याच्या दुपटीहून जास्त. मी म्हटलं, सोनं भरलंय का आत? तो म्हणाला, जवळपास तसंच समज. मला वाटलं गंमत करतोय. घरी येऊन आकडेमोड केली तर तो अगदी खरं बोलत होता.

आधी नेम कशावर धरायचा ते बघू, कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं. जंगली टर्कीचा नर सात ते दहा-अकरा किलोचा, अंगावर जाड पिसं, छातीवर मांसाचा थर. अंगावर मारलं तर बऱ्याचदा पक्षी जखमी होऊन पळतो आणि झाडीत कुठेतरी तडफडून मरतो, म्हणून नेम फक्त डोक्यावर आणि मानेवर. मेंदू किंवा मानेचा मणका, बास. म्हणजे पक्षी एवढा थोरला पण खरं टार्गेट सुकलेल्या दोडक्याएवढं, आणि तेही चालताना सारखं पुढे-मागे हलणारं.

या डोक्याबद्दल थोडं विषयांतर करतो. १६१२ साली मुकर्रब खान या मुघल सरदाराने गोव्याहून जहांगीरसाठी काही विचित्र प्राणी-पक्षी आणले, त्यात एक टर्की होता. बादशाह एवढा खूश झाला की त्याने त्या पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवलं, डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलते वगैरे, आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. (पोर्तुगीज लोक टर्कीला पेरू म्हणतात, त्यामुळे पेरू खाल्ला असं सांगताना नक्की काय खाल्लं ते विचारून घ्यावं.) तर ते रंग म्हणजे लाल, पांढरा, निळा. म्हणूनच इथे शिकाऱ्यांना पहिला धडा असतो की जंगलात या तीन रंगांचं काहीही घालायचं नाही, मोजेसुद्धा नाही, नाहीतर दुसरा कोणीतरी तुम्हालाच टर्की समजायचा.

आता काडतूस. आपल्याकडे बारा बोअरची बंदूक म्हणतात त्यातला बारा म्हणजे काय तर एक पाऊंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोब्बर बसेल ती नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटरची. वीस बोअर म्हणजे पाऊंडात वीस गोळे, म्हणून आकडा मोठा पण नळी बारीक. या बंदुकीतून एकच गोळी नाही, बारीक गोल छऱ्यांचा घोळका सुटतो, आणि त्या छऱ्यांचा नंबर पण असाच उलटा चालतो. अमेरिकन पद्धतीत १७ मधून नंबर वजा करा, जे उरेल तेवढे शतांश इंच म्हणजे छऱ्याची जाडी. ५ नंबरचा छरा ०.१२ इंच म्हणजे तीन मिलिमीटर, लहान ज्वारीच्या दाण्याएवढा. ९ नंबरचा ०.०८ इंच, दोन मिलिमीटर, मोहरी.

काडतुसात जागा ठरलेली आणि वजन पण ठरलेलं, कारण जास्त वजन कोंबलं तर खांद्याला दणका तेवढाच जास्त, न्यूटन कोणाला सोडत नाही. मग त्या ठरलेल्या वजनात मोठे छरे थोडे भरायचे की बारीक छरे भरपूर? एक औंस शिशात ४ नंबरचे साधारण १३५ छरे बसतात, ५ नंबरचे १७०, ६ नंबरचे २२५. छरे भरपूर असतील तर त्या छोट्या डोक्यावर चार-सहा तरी लागण्याची खात्री वाढते, पण छरा बारीक झाला की तो हवेत लवकर दम टाकतो आणि चाळीस यार्डांवर पोचेपर्यंत आत घुसण्याची ताकदच उरत नाही. शिकारी लोक पिढ्यानपिढ्या याच कात्रीत अडकलेले, म्हणून बहुतेकांनी ४, ५, ६ याच तीन नंबरांवर समझोता केलेला.

बारीक छरा लवकर का दमतो? हवा अडवते ती छऱ्याच्या समोरच्या गोल भागाला, म्हणजे क्षेत्रफळाला, आणि पुढे रेटतं ते त्याचं वजन. जाडी अर्धी केली की क्षेत्रफळ पाव होतं पण वजन एक अष्टमांश होतं, म्हणजे वजनाच्या मानाने अडथळा दुप्पट. थर्माकोलचा गोळा आणि काचेची गोटी एकाच जोराने फेकून बघा, कळेल. वेग वाढवून फारसा फायदा होत नाही कारण हवेचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, जेवढं जोरात सोडाल तेवढं जोरात ब्रेक लागतो. सगळी बीजगणितं बाजूला ठेवली तर हिशेब एवढाच उरतो, घनता गुणिले जाडी. हा गुणाकार जेवढा मोठा तेवढा छरा लांबपर्यंत टिकतो आणि मांसातही तेवढा खोल जातो.

आता हाच गुणाकार करून बघू. छऱ्यांच्या शिशाची घनता ११ च्या थोडी वर, ४ नंबरची जाडी ३.३ मिलिमीटर, गुणाकार साधारण साडेछत्तीस. स्टीलची घनता ७.८, म्हणजे तेवढाच गुणाकार हवा तर छरा पावणेपाच मिलिमीटरचा लागेल, मग काडतुसात मावणार किती, आणि टर्कीसाठी काही राज्यांत ४ नंबरपेक्षा जाड छरा कायद्यानेच चालत नाही. बिस्मथ ९.६ च्या आसपास, शिशाचा जरा हलका चुलत भाऊ, चालतो पण ठिसूळ. आणि मग येतं ते पाचवालं महागडं बॉक्स, टंगस्टनचं. त्या मिश्रधातूची घनता १८, म्हणजे आपल्या २२ कॅरेटच्या दागिन्याएवढी! शुद्ध टंगस्टन आणि शुद्ध सोनं दोघंही १९.३ वर, त्यामुळे सोन्याच्या बिस्किटात टंगस्टन भरून फसवायचे प्रकार खरोखर झालेत. तर १८ गुणिले ९ नंबरचे २.०३ मिलिमीटर, उत्तर परत साडेछत्तीसच. मोहरीएवढा टंगस्टनचा छरा ४ नंबरच्या शिशाएवढाच खोल जातो आणि औंसात मात्र १३५ ऐवजी ३६० बसतात.

म्हणजे ज्या कात्रीत सगळे अडकले होते ती कात्रीच गायब. त्याहून मजा म्हणजे चारशे दहाची बारीक बंदूक (इथे आकडा गोळ्यांचा नाही, नळीच्या मापाचा, ०.४१० इंच), म्हणजे जेमतेम १०.४ मिलिमीटर नळीची, जी टर्कीसाठी कोणी विचारातही घेत नसे, तिच्या काडतुसात १३/१६ औंस टंगस्टन म्हणजे सुमारे २९० छरे बसतात, आणि बारा बोअरच्या पावणेदोन औंसवाल्या ५ नंबर शिशात पण साधारण तेवढेच. मुलांच्या बंदुकीने बापाच्या बंदुकीची बरोबरी केली आणि खांद्याला दणका निम्म्याहून कमी.

मग हे आधी का सुचलं नाही? सुचून उपयोग नव्हता. शिशाचे छरे करायची पद्धत म्हणजे बुंदी पाडणं. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली त्याचं पेटंट घेतलं, उंचावरून झाऱ्यातून वितळलेलं शिसं सोडायचं, पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब गोल होतो, खाली पाणी, संपलं. टंगस्टन वितळतं ३४२२ अंशांवर, त्याचा झारा कशाचा करणार? म्हणून त्याची पूड करून, थोडं निकेल-लोखंड घालून, दाबून भट्टीत भाजतात. टंगस्टन मुळात महाग, त्यात ही कटकट, म्हणून ती किंमत. वर हे छरे इतके कडक की नळीला ओरखडे पाडतील, म्हणून भोवती जाड प्लास्टिकचा पेला लागतो. कडकपणाचा फायदा पण आहे. मऊ शिशाचे छरे बार उडताना एकमेकांत चेपतात, चपटा छरा भरकटतो, टंगस्टनचा गोल तो गोलच राहतो.

शिशाचा दुसरा प्रॉब्लेम विषाचा. पक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यात जमिनीवर पडलेले छरे पण जातात, पेठ्यात (हो, कलेजी-पेठ्यातलाच) दळले जातात आणि रक्तात उतरतात. त्यामुळे अमेरिकेत १९९१ पासून बदकांसाठी शिसं बंद आहे आणि कॅलिफोर्नियात २०१९ पासून सगळ्याच शिकारीत. टर्कीसाठी मात्र बहुतेक राज्यांत अजून चालतं, आणि हे मला जरा विचित्रच वाटतं, कारण टर्की तर जमिनीवरच चरणारा पक्षी. गंमत अशी की १९३७ च्या कायद्यामुळे याच काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो वन्यजीवांवर खर्च होतो आणि टर्की परत वाढण्यात त्या पैशाचा मोठा वाटा आहे.

रेंजवर काय झालं ते राहिलंच. नळीच्या तोंडाला चोक असतो, म्हणजे तोंड थोडं आवळलेलं, टर्कीसाठी तर फारच आवळलेलं, जेणेकरून छऱ्यांचा घोळका लांबपर्यंत एकत्र राहील. पण कुठल्या बंदुकीला कुठलं काडतूस मानवेल हे बॉक्सवर वाचून कळत नाही, कागदावर बार काढूनच बघावं लागतं. चाळीस यार्डांवर दहा इंचाच्या वर्तुळात शंभर छरे पडले की पास असा साधारण नियम. आम्ही स्केचपेनने टिंबं करत मोजले, शिशाचे १०८ आणि टंगस्टनचे मोजता मोजता २०० च्या पुढे गेल्यावर सोडून दिले. मग त्याने कागद दहा यार्डांवर लावला. टंगस्टनचा सगळा घोळका मुठीएवढ्या एकाच भोकातून गेला, म्हणजे पक्षी जवळ आला आणि हात जरा हलला तर एकही छरा लागायचा नाही.

शेवटी त्याने स्वतःसाठी ५ नंबरचं शिसंच घेतलं. त्याच्या ओकच्या जंगलात तीस यार्डांपलीकडे काही दिसतच नाही म्हणे. टंगस्टनचं एक बॉक्स घेतलं, चारशे दहाचं, बारा वर्षांच्या पोरीसाठी, आणि ते बायकोपासून लपवून गाडीच्या डिकीत ठेवलं.