पार (गावचा)

पार : गावातल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती दगडमातीने बांधलेला, पाय खाली सोडून बसता येईल इतक्या उंचीचा चौथरा. झाड बहुधा वड, पिंपळ किंवा उंबराचे. माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात कडुलिंबाचेही असते. सातारा-सांगली भागात ‘पारापाशी थांब, आलोच’ एवढा पत्ता कुणालाही पुरतो. गावात चार पार असले तरी ‘पार’ म्हटल्यावर कोणता, हे त्या गावच्या माणसाला विचारावे लागत नाही.

जुन्या पाराची बांधणी साधी असते. कडेने घडीव काळा दगड, आत मातीचा भराव, एका बाजूला दोन-तीन पायऱ्या आणि बुंध्याशी शेंदूर लावलेला मारुती किंवा म्हसोबा. कडेचा दगड मुद्दाम रुंद घेतात, कारण माणसे बसतात ती कडेलाच. पिढ्यान्‌पिढ्या बसून हे दगड गुळगुळीत होतात. काहींवर सोंगट्यांचे किंवा वाघ-बकरीचे पट कोरलेले दिसतात. वड, पिंपळ आणि उंबर ही तिन्ही झाडे अंजिराच्या कुळातली. त्यांची मुळे दूरवर धावतात आणि बांधकाम उचकटतात, म्हणून जुने गवंडी बुंध्याभोवतीची माती उघडी ठेवत. पाणी तिथे मुरे आणि झाडाला वाढायला वाव राही. अलीकडे सुशोभीकरणाच्या नावाखाली थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट भरून वर फरशी बसवतात. पाणी मुरायचे थांबते, मुळे गुदमरतात आणि काही वर्षांत एकेक फांदी वाळू लागते. दुपारची सावली गेली की माणसे बसायची थांबतात आणि चकचकीत पार ओस पडतो. असे पार या भागात मी बरेच पाहिले आहेत आणि दर वेळी जीव तुटतो.

पाराचे काम समजून घ्यायचे तर सकाळची वेळ पाहावी. खटाव तालुक्यातल्या एका गावात पारासमोरच्या भिंतीवर काळा फळा आहे. डेअरीत दूध घालून रिकामी किटली हातात घेतलेली माणसे तिथे थांबतात. एका सकाळी फळ्यावर खडूने दोनच ओळी होत्या : कुणाचे तरी रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ९ वाजता, आणि खाली, सोसायटीत खत आले आहे. डोळ्यांनी अधू झालेल्या एका आजोबांना शेजारच्या पोराने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. मग गेलेला माणूस कुणाच्या भावकीतला, त्याची थोरली कुठे दिली आहे, तिला निरोप पोचला का, अशी चौकशी सुरू झाली. दहा मिनिटांत बुधवारी कुणाच्या गाडीतून कोण जाणार ते ठरले. खताच्या पहिल्या खेपेत कुणाला पोती मिळाली नाहीत हेही निघाले आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. फळा नुसताच भिंतीवर असता तर प्रत्येक जण वाचून आपल्या वाटेने गेला असता. समोर बसायला जागा होती, म्हणून त्या दोन ओळींचे गावकीत रूपांतर झाले. पाराचे सगळे मर्म मला या एका गोष्टीत दिसते.

पार आणि चावडी यांत गल्लत होते, ती टाळायला हवी. चावडी सरकारची. तिथे पाटील-कुलकर्ण्यांचे आणि पुढे तलाठ्याचे दप्तर. माणूस तिथे बोलावल्यावर किंवा कामाने जातो. पारावर बिनकामाचे जाता येते आणि मनात येईल तेव्हा उठता येते. तिथे नोंदवही नाही, अध्यक्ष नाही. तरी यात्रेची वर्गणी घरटी किती घ्यायची, कुस्त्यांना इनाम किती ठेवायचे, बेंदराची (बैलांच्या सणाची) मिरवणूक कोणत्या आळीतून काढायची, ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या फडात घालायची, या गोष्टी आधी पारावर चर्चेला येतात आणि मग कुठल्या कागदावर. उलटसुलट बोलून झाल्यावर ज्याचा विरोध असतो तो गप्प बसतो किंवा उठून जातो आणि बाकीच्यांना कौल कळतो. हाणामारीची वेळ आली तर मध्ये पडायला दोन म्हातारी माणसे तिथे हमखास असतात. हीच पाराची शिस्त.

पाराचा गौरव करण्याआधी तिथे कोण बसत नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. दलितांना त्या दगडावर टेकायची मुभा नव्हती; निरोप घेऊन आलेला माणूस खाली, अंतर राखून उभा राही. बायका पाराजवळून जाताना डोक्यावरचा पदर सावरत आणि चाल वाढवत. त्यांचे बोलणे पाणवठ्यावर, नदीच्या घाटावर, पिठाच्या गिरणीत होई. वर्षातून एकदा, ज्येष्ठी पौर्णिमेला, त्याच वडाला सूत गुंडाळायला त्या हक्काने पारावर चढत आणि त्या सकाळी पुरुष बाजूला होत. ज्या झाडाला स्त्री फेरे घालते त्याच्याच सावलीत बसून तिला गावाबद्दल बोलता येत नसे. हा अन्याय कित्येक गावांत अजून पुरता सरलेला नाही.

या भागातल्या लोकांनी वडाची सावली रुंदावण्याचे प्रयत्नही केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. साताऱ्यातल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. पारावर ज्यांना जागा नव्हती अशांची मुले त्या बोधचिन्हाखाली शिकली, याचे मोल फार मोठे आहे.

पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार याच मुलखात उभे राहिले. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता; १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारने इंग्रजांच्या कोर्टकचेऱ्या बाजूला सारून गावपातळीवर न्यायनिवाडे केले, सावकारी आणि दारूला आळा घातला, कमी खर्चाची लग्ने लावली. चारचौघांत उभे राहून तक्रार सांगायची आणि चारचौघांसमोरच निकाल ऐकायचा, ही सवय गावाला आधीपासून होती, म्हणून हे कारभार लोकांनी आपले मानले, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर गावाच्या बैठकीला कायद्याचे रूप आले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभा आली, १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचा आधार दिला आणि २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाले. ग्रामसभेत बाईला बोलायचा हक्क आहे, तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे लागते. पाराने हे तिला कधीच दिले नव्हते. पण पार आणि ग्रामसभा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. २०१६ मध्ये जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले ते श्रमदानावर. ठराव ग्रामसभेत होतो. पण उद्या पहाटे फावडे-घमेले घेऊन कोण कोण येणार, हे रोजच्या उठण्याबसण्यातूनच ठरते.

साहित्याचाही एक पार सांगली जिल्ह्यात आहे. कृष्णाकाठच्या औदुंबर या दत्तक्षेत्री दरवर्षी मकर संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरते. कवी सुधांशु याच गावचे. नामवंत साहित्यिक इथे येतात आणि समोर आसपासच्या खेड्यांतली शेतकरी मंडळी बसलेली असतात.

रस्ता रुंदीकरणात या भागातले कितीतरी पार झाडांसकट गेले. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड महामार्गाच्या कामात तोडला जाणार होता. लोकांनी आवाज उठवला आणि त्याला वाचवण्यासाठी आखणीत बदल झाला. पण झाड उभे असूनही पार रिकामा, हे दृश्य जास्त आढळते. आधी टीव्हीने संध्याकाळ घरात नेली, मग मोबाइल आला. आता पारावर बसलेली चार पोरेही चार वेगळ्या पडद्यांत असतात.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून यावर एक उपाय केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुले अभ्यासाला बसतात आणि मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला घरोघर फिरून लोकांना समजवावे लागले. मोबाइल येण्याआधी या दीड तासासाठी भोंगा लागत नव्हता. दिवेलागण झाली की माणसे आपोआप दगडावर येऊन टेकत.

पार नव्याने बांधणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी जुन्या पारांवरून काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बुंध्याभोवती दोन-तीन हात माती उघडी सोडावी. कठडा किंवा लोखंडी जाळी घालू नये. जाळीमागचे झाड देवाचे होते, बसायचे राहत नाही. एका बाजूची पायरी कमी उंचीची आणि रुंद घ्यावी, म्हणजे गुडघे धरलेल्या आजींनाही चढता येते. संध्याकाळी तिथे उजेड असावा. आणि फळा बसल्या जागेवरून वाचता येईल असा समोर लावावा.