क्लच घसरतोय की सुटत नाहीये?

पिकअप गॅरेजला येते, ड्रायव्हर सांगतो, ‘क्लच गेला.’ गिअरबॉक्स उतरतो, नवी क्लच प्लेट पडते, गाडी पुन्हा भाड्याला लागते. दोन-तीन महिन्यांत तीच गाडी त्याच जागी उभी. मग प्लेट डुप्लिकेट होती का, यावर वाद सुरू होतो आणि आणखी एक प्लेट पडते. अशा वेळी प्लेटचा ब्रँड बदलण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: हा क्लच धरत नाही, की सोडत नाही?

धरत नाही म्हणजे पेडलवरून पाय काढला तरी प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) घसरते. ही स्लिप. सोडत नाही म्हणजे पेडल तळाला टेकलं तरी प्लेट इंजिनबरोबर फिरतच राहते. याला गॅरेजमध्ये ‘क्लच कट होत नाही’ म्हणतात. दोन्ही बिघाड एकमेकांच्या उलट आहेत. नुकसानही वेगळं: स्लिपने प्लेट जळते, कट न होण्याने गिअरबॉक्सचे सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) आणि दाते खराब होतात.

स्लिप ओळखायची जागा म्हणजे चढ. हापूसच्या पेट्या भरून गाडी रत्नागिरीकडून आंबा घाट चढतेय, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वर जातो, गाडीचा वेग मात्र तिथेच, आणि केबिनमध्ये जळका वास. घाट जवळ नसेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला, तर स्लिप नक्की. गाडी ओढत नाही आणि आरपीएमही चढत नाही, तर मात्र क्लचला हात लावू नका. डिझेल फिल्टर आणि टर्बोचे पाइप आधी बघा. या एका गोंधळापायी कितीतरी चांगल्या प्लेटा भंगारात गेल्या आहेत.

कट होतो की नाही, हे उभ्या गाडीत कळतं. इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबलेलं, पाच-सात सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच पिकअपमध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे प्लेट फिरत असेल तर कर्रर्र आवाज येतोच. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केलं की एकही धड पडत नाही, हीदेखील तीच खूण. फक्त दुसरा किंवा फक्त तिसराच अडत असेल, तर दोष क्लचचा नसून त्या गिअरच्या सिंक्रोचा असण्याची शक्यता जास्त.

आता खरा घोटाळा. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलचा जोर तेलाच्या लाइनमधून स्लेव्ह सिलेंडरला जातो आणि तो क्लच सोडवणारा फोर्क ढकलतो. लाइनमध्ये हवा शिरली किंवा स्लेव्ह सिलेंडरचं रबर झिजलं की पेडल दाबूनही फोर्क पुरेसा सरकत नाही. गिअर अडायला लागतात. ज्या गाडीत पुश रॉडला किंवा क्लच वायरला ॲडजस्टमेंट असते, तिथे मेकॅनिक नट फिरवून ती घट्ट करतो. गिअर पडायला लागतात, ड्रायव्हर खूश. पण या नादात पेडलचा फ्री प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल, संपलेला असतो. आता फोर्क ढकलतो ते रिलीज बेअरिंग, प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोटांवर सतत दाबून बसतं, प्लेटवरची पकड सैल होते आणि भरलेल्या गाडीत स्लिप सुरू होते. प्लेट जळते, नवी बसते, स्लेव्ह सिलेंडर जुनाच राहतो. गिअर पुन्हा अडतात, नट पुन्हा फिरतो.

म्हणून कट होत नसेल तर आधी गाडीखाली जा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजायचं आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. रॉड कमी सरकतोय, पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतोय, स्लेव्हच्या रबरी टोपीआड ओल आहे: दोष बाहेर आहे, गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. रॉड पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तरच आत बघायचं: वाकलेली प्लेट, उलटी बसवलेली प्लेट, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) अडकणारा हब (प्लेटचा मधला भाग), शाफ्टचं पुढचं टोक धरणारं पण जाम झालेलं पायलट बेअरिंग. नवी प्लेट टाकल्या दिवसापासूनच गिअर अडत असतील, तर फिटिंगवर संशय घ्या. गिअरबॉक्स चढवताना त्याचं सगळं वजन शाफ्टवरून प्लेटच्या हबवर लटकत राहिलं, तर कोरी प्लेटही तिथेच वाकते.

स्लिपमध्ये मात्र उत्तर जुन्या प्लेटवरच लिहिलेलं असतं. उतरवल्यावर ती हातात घेऊन उजेडात बघा. अस्तर दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलंय, तर प्लेटने आयुष्य भोगलं. अस्तराची जाडी बाकी आहे, पण ते काळं, चकचकीत आणि चिकट आहे, तर तेल आलंय. काळं, पातळ तेल म्हणजे क्रँकचं मागचं सील. घट्ट, गंधकासारखा उग्र वास येणारं तेल म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील. सील न बदलता टाकलेली प्लेट टिकूच शकत नाही. जाडी बाकी आहे, तेल नाही, तरी जळालीय, तर फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक तडे शोधा. असा फ्लायव्हील लेथवर फेस (पृष्ठभाग घासून सपाट) करून घ्यावा किंवा बदलावा. थोडे पैसे वाचवायला हे काम टाळणं मला अजिबात पटत नाही. प्रेशर प्लेटच्या बोटांची टोकं झिजून खड्डे पडलेत, तर बेअरिंग सतत टेकून होतं: एकतर फ्री प्ले नव्हता, नाहीतर ड्रायव्हरचा पाय कायम पेडलवर.

ड्रायव्हिंगचाही वाटा आहेच. 1.7 टन पासिंगच्या गाडीत अडीच टन माल, दुसऱ्या गिअरमध्ये उचल, घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ब्रेकऐवजी हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवणं, यापुढे कुठलीच प्लेट तग धरत नाही. पण सगळा दोष ड्रायव्हरवर ढकलण्याआधी सील, फ्लायव्हील आणि स्लेव्ह सिलेंडर तपासलेले असावेत.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना पेडल हाताने दाबून बघा. फ्री प्ले ठेवलेल्या गाडीत सुरुवातीचे साधारण 10 ते 25 मिमी पेडल हलकं जातं, मग जोर लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. काही हायड्रॉलिक क्लचमध्ये बेअरिंग कायम हलकं टेकलेलंच असतं, तिथे हे माप लागू नाही. पहिले काहीशे किलोमीटर कमी माल भरा आणि त्यानंतर एकदा परत मोजा.