माळ्यावरची लांबलचक दुर्बीण

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या एका नाटकात क्रिझाल नावाचा घरधनी करवादतो: माळ्यावरची ती लांबलचक दुर्बीण आधी हलवा, लोकांना धडकी भरते तिला बघून. चंद्रावर काय चाललंय ते शोधत बसण्यापेक्षा घरात काय चाललंय ते बघा! बोलतो तो बहिणीला, पण रोख असतो बायकोवर. ‘ले फाम सावांत’, म्हणजे ‘विदुषी स्त्रिया’, या नाटकाचा पहिला प्रयोग ११ मार्च १६७२ रोजी पॅरिसमध्ये झाला.

दुर्बीण इतकी लांब का, याला भक्कम कारण होतं. तेव्हा दुर्बिणीचं पुढचं भिंग एकेरी असे. भिंगातून जाताना जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. सगळे रंग एका जागी जुळत नाहीत आणि चंद्राच्या कडेला रंगीत झालर दिसते. भिंगाचा बाक कमी केला की प्रतिमा लांब पडते आणि मोठी होते. झालर मात्र तेवढीच राहते, म्हणून कमी जाचते. या हिशेबापायी डान्झिगच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने १५० फुटी दुर्बीण उभारली होती. रंग असे का फुटतात, याचा उलगडा करणारं न्यूटनचं पत्र लंडनमध्ये वाचलं गेलं ते नाटकाच्या जेमतेम महिनाभर आधी.

क्रिझालची बायको फिलामिंत सांगते, मी चंद्रावर माणसं स्पष्ट पाहिली. नणंद बेलीझ म्हणते, माणसं नाही दिसली अजून, पण चर्चचे मनोरे अगदी लख्ख दिसले. प्रेक्षक हसावेत म्हणूनच हे लिहिलंय. मला मात्र या दोघींबद्दल आपुलकी वाटते. त्याच शहरातल्या नव्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ कासिनी चंद्राची चित्रं काढून घेत होता; त्यांतून १६७९ साली मोठा नकाशा तयार झाला. नाटकाच्या पाचच महिने आधी त्याला शनीचा आयापेटस हा चंद्र सापडला होता. राजाच्या विज्ञान अकादमीत बायकांना जागा नव्हती. त्यांच्या वाट्याला आला तो माळाच.

चौथ्या अंकात कवी त्रिसोतां धावत येतो: आपण झोपेत होतो आणि थोडक्यात वाचलो! एक जग आपल्या शेजारून गेलं, आपल्या भोवऱ्यातून आरपार पडलं. वाटेत पृथ्वीला धडकलं असतं तर तिच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. हा ‘भोवरा’ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा. १६४४ साली त्याने मांडलं होतं की अवकाश सूक्ष्म द्रव्याने गच्च भरलेलं आहे, प्रत्येक ताऱ्याभोवती ते गरगर फिरतं आणि ग्रह त्या ओघात वाहतात. विझत आलेला तारा आपला भोवरा सोडून दुसऱ्यांच्या भोवऱ्यांतून भटकू लागला की तोच धूमकेतू. म्हणजे त्रिसोतां कितीही भंपक असला तरी त्याची भीती तेव्हाच्या सर्वांत प्रतिष्ठित भौतिकशास्त्रातून आलेली होती, आणि तो विनोद कळण्याइतपत देकार्त प्रेक्षकांच्या कानावर होता.

पुढे १६८०च्या अखेरीस भलंमोठं शेपूट घेऊन एक धूमकेतू आला. जानेवारी १६८१ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर ‘ला कोमेत’ ही एकांकी प्रहसनिका आली. धूमकेतूच्या धास्तीने मुलीचं लग्न अडवून धरणारा ज्योतिषी तिच्यात आहे. न्यूटनने मात्र त्याच धूमकेतूच्या नोंदींवरून कक्षा काढली. धूमकेतू हव्या त्या दिशेने, ग्रहांच्या उलटसुद्धा, बिनअडथळा जातात. अवकाशात द्रव्याचे भोवरे असते तर हे जमलंच नसतं, असं त्याने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या आपल्या ग्रंथात मांडलं. फ्रान्समध्ये ते भोवरे त्यानंतरही कितीतरी वर्षं फिरतच राहिले.