महापालिका शाळेत आर्ट थेरपी: सीएसआर निधीचा अर्ज कुठे अडतो

महापालिका शाळांत आठवड्याला एकदोन तास चित्र, माती, ताल-नाट्य यांच्या आधाराने मुलांसोबत काम करणाऱ्या, म्हणजे आर्ट थेरपी देणाऱ्या छोट्या संस्था मुंबई-पुण्यात आहेत. वर्गात तोंड न उघडणारी, सारखी गैरहजर राहणारी, शाळा सुटायच्या बेतात असलेली मुलं त्यांच्याकडे येतात. निधीसाठी या संस्था कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्व विभाग गाठतात आणि अर्ज परत येतात. काम कच्चं म्हणून फार थोडे अर्ज फेटाळले जातात. बाकीचे कागदावर अडतात.

पात्रता सोपी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. ती घेणारी संस्था नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट), सोसायटी किंवा कलम ८ खालची ना-नफा कंपनी असावी, तिच्याकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी असावी, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा नोंदणी क्रमांकही हवा. सीएसआर-१ चा फॉर्म तुमचा सीए भरून देतो. पॅन, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, लेखापरीक्षित ताळेबंद हे नेहमीचंच.

सीएसआर नियमात 'तीन वर्षांचा अनुभव' आहे, तो तशाच प्रकारच्या कामाचा. संस्था दहा वर्षांची असेल, पण त्यातली आठ वर्षं वह्यावाटप आणि आरोग्य शिबिरं झाली असतील, तर अधिकारी भुवया उंचावणारच. वार्षिक अहवालात मुलांसोबतचं काम वेगळ्या शीर्षकाखाली दाखवा आणि ताळेबंदातही त्याचा खर्च वेगळा काढा. हे आत्तापासून करा, अर्जाच्या आदल्या रात्री नाही.

नव्या संस्था तात्पुरत्या १२ए-८०जी नोंदणीवर फसतात. कागदावर तीन वर्षांची मुदत दिसते, म्हणून सगळे निवांत. नियमित नोंदणीचा अर्ज मात्र मुदत संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतली जी तारीख आधी येईल तोवर करायचा असतो. शेवटची ती अट कोणी वाचत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी कंपन्या अजून १२ए आणि ८०जी याच नावांनी कागद मागतात. गोंधळू नका.

सगळ्यांत जास्त अर्ज खातो तो न्यासाचा परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदवहीतली विश्वस्तांची नोंद. त्यावर चार विश्वस्त, त्यांतले दोन हयात नाहीत, आणि अर्जावर सही करणाऱ्याचं नाव त्यात नाहीच. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तिथे बदल अर्ज द्यायचा हे कायद्यात आहे. दिलेला बदल अर्ज किती दिवसांत निकाली निघेल, हे विचारायचं धाडस मात्र कोणी करू नये. वर्षानुवर्षं पडून असलेले बदल अर्ज ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तोवर दाखल अर्जाची पोच, नेमणुकीचा ठराव आणि वकिलाचं एक पत्र असा संच जोडा. बऱ्याच कंपन्या तेवढ्यावर पुढे जातात. पोचच नसेल तर आधी ती मिळवा.

दुसरा कागद कोणाकडेच नसतो: 'थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक'. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आर्ट थेरपिस्ट हा स्वतंत्र गट नाही. कंपनीच्या अर्जात हा रकाना बनवणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो रिकामा सोडला तर छाननीतच बाद, आणि काहीतरी ठोकून दिलं तर पुढे फसवणूक ठरते. तिथे 'लागू नाही, सोबत पत्र पाहा' असं लिहा. पत्रात अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि देखरेख करणाऱ्या नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं संमतिपत्र द्या. असा माणूस टीममध्ये नसेल तर अर्जाआधी शोधा. मुलांच्या दृष्टीनेही तो हवाच.

प्रकल्प कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातच्या (सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी) कोणत्या बाबीत बसतो, हे विचारलं की लोक 'कला आणि संस्कृती' लिहून मोकळे होतात. ती बाब वारसा आणि पारंपरिक कलांसाठी आहे. तुमचं काम शिक्षणात किंवा प्रतिबंधात्मक आरोग्यात बसतं.

प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. थेरपिस्टचं मानधन, रंग-कागद, देखरेख हा प्रकल्पाचा थेट खर्च. तरी संस्था घाबरून मानधन निम्म्यावर आणतात आणि दिवाळीनंतर शिकवायला माणूस उरत नाही.

शाळेच्या परवानगीचं त्रांगडं वेगळंच. मुख्याध्यापकांचं पत्र पुरत नाही, शिक्षण विभागाची लेखी मंजुरी लागते. विभाग विचारतो निधी कुठे आहे, कंपनी म्हणते आधी परवानगी दाखवा. कंपनीकडून 'शाळेच्या परवानगीच्या अधीन राहून निधी देण्याचा विचार' एवढं एका परिच्छेदाचं पत्र घ्या आणि ते विभागाला जोडा. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळेत येणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी काटेकोर झाली आहे, आणि ते बरंच झालं. पोलीस पडताळणीचे अर्ज आधीच टाकून ठेवा.

मार्चमध्ये 'कंपनीकडे पैसे उरले असतील' म्हणून धावत जाऊ नका. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात जाते, बाकीची सहा महिन्यांत केंद्राच्या ठरलेल्या निधीत. वर्षाचा कृती आराखडा आधीच ठरतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे प्रस्ताव जानेवारीतच पोचलेला बरा.

आणि गरज पटवण्यासाठी मुलांची नावं, फोटो, 'वडील तुरुंगात' अशा याद्या कृपया जोडू नका. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार, चौकशी, तपास किंवा न्यायालयीन प्रकरणात आलेल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक, हजेरीपटावरून काढलेले इयत्तावार गैरहजेरीचे आकडे आणि शिक्षकांनी मुलाचं नाव न घेता लिहिलेलं निरीक्षण द्या. कंपनीने मुलाचा फोटो मागितलाच तर त्याने काढलेलं चित्र पाठवा, तेही पालकांची आणि त्याची परवानगी घेऊन, चित्रामागचं नाव झाकून.