बाळ सावरलं, तरी पुढे झटके का येतात?

प्रसूतीत वार वेळेआधी सुटली किंवा नाळ दाबली गेली, की बाळाच्या मेंदूचा ऑक्सिजन तुटतो. डॉक्टर श्वास सुरू करून देतात, बाळ गुलाबी होतं, घरच्यांच्या जिवात जीव येतो. आणि काही तासांनी झटके सुरू होतात. ‘एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पुन्हा ऑक्सिजन कमी पडला का?’ असं आईबाप विचारतात. तसं काही न घडताही हे होऊ शकतं, कारण मेंदूतली ऊर्जा दोनदा कोसळते, आणि झटके दुसऱ्या पडझडीच्या काळात येतात.

पहिली पडझड मिनिटांत होते. ऑक्सिजन नाही, म्हणून पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवू शकत नाहीत. पेशीच्या पडद्यावरचे पंप थांबतात, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतं, पेशी फुगते. रक्त पुन्हा वाहू लागलं की एटीपी बरंचसं भरून निघतं.

दुसरी पडझड साधारण ६ तासांनंतर सुरू होते आणि दोनतीन दिवस चालते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९८०च्या दशकात फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे मेंदूतली ऊर्जा बाहेरून मोजणाऱ्या तपासणीने, हे दिसलं: पहिल्या दिवशी मेंदूतली ऊर्जा जवळपास ठीक, पुढच्या दिवसांत घसरलेली. आता ऑक्सिजन असतो, रक्तही पोचतं, पण खुद्द तंतुकणिकाच निकामी होत असतात. त्यांच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पडतात, सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर झिरपतं आणि पेशी स्वतःला संपवू लागते. कोवळ्या मेंदूत तंतुकणिका निकामी करण्यात बॅक्स नावाच्या प्रथिनाचा वाटा मोठा, तर प्रौढ मेंदूत सायक्लोफिलिन डीचा, असं उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं. म्हणून मोठ्यांच्या पक्षाघातावरचं औषध कमी डोसात बाळाला देऊन भागेल, असं मला वाटत नाही.

दोन्हींच्या मधले तास उपचाराचे. कूलिंग याच काळात, ६ तासांच्या आत सुरू करतात: शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंशांवर, सलग ७२ तास. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत त्याने मृत्यू आणि अपंगत्व घटलं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या हेलिक्स चाचणीत मात्र (२०२१) मृत्यू किंवा अपंगत्व यांचं एकत्रित प्रमाण कमी झालं नाही, उलट कूलिंग केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. आपल्याकडच्या अनेक बाळांना इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, अशी एक शंका संशोधक मांडतात. तसं असेल, तर जन्माच्या क्षणापासून मोजलेले ६ तास त्या बाळांसाठी आधीच सरलेले असतात.