तो मोठा दिवा आई की बाबा?

1986 साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांच्या वार्षिक परिषदेत जेमतेम दोन मिनिटांचं एक ॲनिमेशन दाखवलं गेलं. पात्रं दोनच. एक मोठा टेबललॅम्प आणि एक छोटा टेबललॅम्प. छोटा चेंडूशी खेळतो, त्याच्यावर उड्या मारतो, चेंडूतली हवा जाते, छोट्याची मान खाली जाते. समोर बसलेली मंडळी साधीसुधी नव्हती. पडद्यावर सावली कशी पाडायची, प्रकाशाचं गणित कसं मांडायचं, यात आयुष्य घातलेले लोक होते ते. खेळ संपल्यावर त्या क्षेत्रातलं मोठं नाव असलेले जिम ब्लिन दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांच्याकडे आले. लॅसेटर यांना वाटलं, झालं, आता सावल्यांच्या गणितावर काहीतरी अवघड विचारणार. ब्लिन यांनी विचारलं, ‘तो मोठा दिवा आई आहे की बाबा?’

ॲनिमेशनच्या इतिहासातला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कारण त्या दिव्याला डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही. आहे तो एक बूड, दोन दांड्या, चार स्प्रिंगा आणि एक टोपण. तो दिवा कसा तयार होतो हे ब्लिन यांच्याइतकं जगात फार थोड्यांना कळत होतं, आणि तरीही त्यांना तिथे एक पालक दिसला. ‘कार्टून काय, पोरांचं खूळ’ असं म्हणणाऱ्यांना हा किस्सा जरूर सांगावा.

दिव्यात जीव ओतला तो ॲनिमेटरने, असं आपण सहज म्हणतो. पण निम्मं काम प्रेक्षक करतो, आणि ते त्याच्या नकळत होतं. याचा सगळ्यात देखणा पुरावा 1944 सालचा आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी स्मिथ कॉलेजात अडीच मिनिटांची एक मूक फिल्म बनवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकोन. बास. हे आकार इकडेतिकडे सरकतात. ती फिल्म 34 विद्यार्थिनींना दाखवून काय घडलं ते लिहायला सांगितलं. दोघींना ते आकार पक्षी वाटले. बहुतेक सगळ्यांनी माणसांची गोष्ट लिहिली: मोठा दांडगट आहे, छोट्याशी भांडतो, बिचारं वर्तुळ घाबरून घरात लपतं, शेवटी दोघं निसटतात आणि मोठा रागाने घर मोडून टाकतो. ‘त्रिकोण डावीकडे सरकला, मग वर्तुळ चौकोनात शिरलं’ अशा कोरड्या भूमितीत जवळजवळ सगळं वर्णन करणारी निघाली फक्त एक.

चौतिसात एक! ‘यांच्या मनात काय चाललंय’ असं कुणी विचारलंही नव्हतं. पुढे ही फिल्म संशोधनात एक हत्यारच होऊन बसली. ऑटिझम असलेल्या व्यक्ती याच हालचालींचं वर्णन अनेकदा वेगळ्या पद्धतीने, आकारांच्या आणि दिशांच्या भाषेत करतात, हे तिच्याच मदतीने तपासलं गेलं.

घरी करून बघायचं असेल तर बाटलीची दोन झाकणं घ्या. एक टेबलावर ठेवा, दुसरं बोटाने सरकवत त्याच्यापर्यंत न्या आणि टेकताक्षणी पहिलं पुढे ढकलल्यासारखं हलवा. बघणारा म्हणेल, धक्का लागला. आता तेच करा, पण टेकल्यावर थोडं थांबा आणि मग पहिलं झाकण स्वतःहून निघाल्यासारखं हलवा. आता बघणारा म्हणतो, ते निघून गेलं. हालचाल तीच, झाकणं तीच. मधल्या थांब्याने ‘ढकललं’चं ‘गेलं’ झालं. बेल्जियमच्या आल्बेर मिशोत यांनी 1940 च्या दशकात हे बारकाईने मोजलं. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका थांबा आला तरी धक्क्याची जाणीव मोडायला पुरतो. ॲनिमेटर ज्याला टायमिंग म्हणतात ते हेच. दिवा चेंडूकडे वळण्याआधी क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात आपण ठरवून टाकतो की तो विचार करतोय.

इथे एक जुनी दुरुस्ती करून घेऊ. चित्रं हलताना दिसतात याचं कारण म्हणून ‘दृष्टिसातत्य’ हा शब्द आपण पाठ केलेला असतो: प्रतिमा डोळ्यात क्षणभर टिकते, म्हणून पुढची तिला जोडली जाते. ऐकायला पटतं, पण हिशेब जुळत नाही. प्रतिमा नुसत्याच टिकल्या असत्या तर एकीवर एक साचून पडद्यावर चिखल दिसला असता. माक्स वेर्टहायमर यांनी 1912 साली दाखवून दिलं की दोन ठिकाणच्या दोन स्थिर रेषा ठरावीक अंतराने आलटूनपालटून दाखवल्या तर आपल्याला एकच रेषा इकडून तिकडे जाताना दिसते. मधली वाट कुणी काढलेलीच नसते. मेंदू ती स्वतः भरतो.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनचा सगळा धंदा या उधारीवर चालतो. सिनेमाच्या सेकंदाला 24 फ्रेम, पण बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेमभर ठेवतात. धंद्यातले लोक याला ‘ऑन टूज’ म्हणतात. म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. 80 मिनिटांच्या सिनेमात एक पात्र सतत पडद्यावर राहिलं तर 1,15,200 फ्रेमसाठी 57,600 चित्रं. निम्मी मजुरी वाचली, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. नवशिक्या ॲनिमेटरला तर चेहऱ्याशिवायच जीव आणायला लावतात. अर्धी भरलेली पिठाची गोणी काढायची आणि ती आनंदी, रुसलेली, दमलेली दाखवायची. दोन कोपरे खाली आले की गोणी रुसली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर चार गोण्या काढून बघितल्या. चित्रकलेत माझी बोंब आहे, तरी चारातली एक नक्की रडवेली दिसत होती.

मग चेहरा आला की काय होत असेल! ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी 1943 साली मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे आणि फुगरे गाल असं काहीही दिसलं की माणसाच्या मनात वात्सल्य जागं होतं. तान्ह्या बाळाचा हा साचा. कुत्र्याच्या पिल्लात तो आहे, आणि जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध उंदरात तो हळूहळू आणला गेला. 1928 साली पडद्यावर आलेला मिकी माऊस चांगलाच खोडकर, प्रसंगी दुष्टही होता. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 1979 साली कॅलिपर घेऊन त्याची जुनी-नवी चित्रं चक्क मोजली. डोळा डोक्याच्या लांबीच्या 27 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेला होता. डोकं शरीराच्या 42.7 टक्क्यांवरून 48.1 टक्क्यांवर. म्हणजे पन्नास वर्षांत मिकी वयाने वाढला आणि रूपाने लहान होत गेला, आणि त्याच काळात स्वभावानेही गुणी झाला. कुणी लोरेंझ वाचून हे केलं नव्हतं. प्रेक्षकाला काय भावतं ते बघत चित्रकारांचा हात आपोआप तिकडे वळत गेला, असं गूल्ड यांचं म्हणणं. मला ते पटतं.

आता चाहत्यांकडे वळू, कारण जीव लावण्याची गोष्ट सिनेमा संपला म्हणून संपत नाही.

लहान मूल एकच कार्टून पन्नासदा बघतं. घरातल्या मोठ्यांना संवाद पाठ होतात, जीव मेटाकुटीला येतो. पण मूल नुसतं बसलेलं नसतं. 1990 च्या दशकात अमेरिकेत ‘ब्लूज क्लूज’ हा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वाहिनीने एकच भाग आठवड्यात सलग पाच दिवस दाखवायचं ठरवलं. संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर त्याचा परिणाम तपासला. कंटाळा येण्याऐवजी, भाग जितक्यांदा बघितला तितकी मुलं जास्त बोलू लागली, पडद्यातल्या प्रश्नांना मोठ्याने उत्तरं देऊ लागली. पहिल्या खेपेला सगळी शक्ती ‘हे चाललंय काय’ समजण्यात जाते. पुढच्या खेपांना मूल पुढचं आधीच सांगतं आणि ते खरं ठरताना बघतं. तोच सिनेमा पुन्हा लावणारा चाळिशीतला चाहता मला यापेक्षा फार वेगळा वाटत नाही. फक्त तो मोठ्याने उत्तरं देत नाही. निदान लोकांसमोर देत नाही.

आणि हे बघणं मेंदूत खूण सोडतं का? यावर 2019 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक मजेदार शक्कल लढवली. 1990 च्या दशकाच्या शेवटी ज्या मुलांनी हातात मावणाऱ्या छोट्या खेळयंत्रावर तासन्‌तास पोकेमॉन हा काल्पनिक प्राण्यांचा व्हिडिओ गेम खेळला होता, ती आता मोठी झाली होती. अशा अकरा जणांना आणि तो खेळ कधीच न खेळलेल्या अकरा जणांना एमआरआय यंत्रात झोपवून चेहरे, प्राणी, शब्द, गाड्या आणि पोकेमॉन अशी चित्रं दाखवली. जुन्या खेळाडूंच्या मेंदूत, कानाच्या मागच्या अंगाला असलेल्या एका खाचेत, पोकेमॉन दिसताच जास्त हालचाल झाली. दुसऱ्या गटात तशी नाही. गंमत अशी की ती जागा जुन्या खेळाडूंमध्ये साधारण एकच होती.

एकच का असावी? संशोधकांचं उत्तर पात्रांच्या गोंडसपणात नव्हतं, हाताच्या लांबीत होतं. सगळी मुलं ते इवलंसं यंत्र जवळपास तितक्याच अंतरावर धरायची, पडदा लहान, त्यावरचं पात्र त्याहून लहान. त्यामुळे ते चित्र कायम नजरेच्या अगदी मध्यावर पडायचं. नजरेचा मध्य ज्या भागात हाताळला जातो, त्याच्या शेजारीच या पात्रांना जागा मिळाली. काळ्या-करड्या ठिपक्यांचे ते प्राणी वीस वर्षांनंतरही तिथेच मुक्कामाला आहेत. पालकांनी धसका घ्यायचं कारण नाही. वाचायला शिकताना अक्षरांसाठीही मेंदू अशीच जागा करतो.

चाहत्यांवर मात्र अधूनमधून आरोप होत असतात. 2003 साली ‘फाइंडिंग नीमो’ आला. त्यात समुद्रातून पकडून काचेच्या टाकीत ठेवलेल्या पिल्लाला सोडवायला बाप समुद्र पालथा घालतो. थोड्याच दिवसांत बातम्या आल्या की सिनेमा बघून लोक ते नारंगी-पांढरे मासे विकत घेत सुटलेत आणि समुद्रातली त्यांची संख्या घटतेय. कथेच्या नेमकं उलट! हे इतक्यांदा छापून आलं की खरंच वाटू लागलं. पुढे संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा भक्कम आधार सापडला नाही. 2016 साली त्याचा पुढचा भाग आला, यावेळी निळा मासा घेऊन. त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की सिनेमानंतर काही आठवडे त्या माशाबद्दल इंटरनेटवरचा शोध वाढला, पण अमेरिकेतली त्याची आयात काही वाढली नाही. लोकांना मासा घरी आणायचा नव्हता, त्याच्याबद्दल वाचायचं होतं.

आणि वाचलं की चाहता गप्प बसत नाही. नीमोच्या जातीचे मासे सी-ॲनिमोन या फुलासारख्या समुद्री जीवाच्या झुपक्यांत छोट्या गटाने राहतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी, त्याखालोखालचा तिचा जोडीदार नर, बाकीची चिल्लीपिल्ली अजून ना नर ना मादी. मादी मेली तर जोडीदार हळूहळू लिंग बदलतो आणि स्वतः मादी होतो. सिनेमाच्या सुरुवातीलाच नीमोची आई मरते. जीवशास्त्र वाचलेला चाहता मग कुठल्याही गप्पांत हा मुद्दा काढल्याशिवाय राहत नाही.

म्हणजे ब्लिन यांनी तो प्रश्न दिव्याऐवजी या माशाबद्दल विचारला असता, तर त्याला नेमकं उत्तर होतं: आधी बाबा, नंतर आई.