वेगळ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर हवं असेल तर आधी काडतूस ठरवा

आमच्या शस्त्रदुकानाच्या परवानाधारक ग्राहकांसाठी. इसार देण्याआधी आणि परवान्याचा अर्ज भरण्याआधी एकदा पूर्ण वाचावं, ही विनंती.

संभाजीनगर, जालना, बीडपासून थेट नांदेड-लातूरपर्यंतचे पंपवाले, सराफ, जिनिंगवाले, डॉक्टर आमच्याकडे येतात आणि हल्ली बऱ्याच जणांची मागणी एकच असते: ‘.३२ सगळ्यांकडंच आहे, आम्हाला .३५७ किंवा .३८ मध्ये, आमच्या हाताला बसेल असं बनवून द्या.’ मागणीत गैर काही नाही. पण ती ज्या क्रमानं आमच्यापर्यंत येते, त्या क्रमानं पूर्ण होत नाही. आधी कुणा पाहुण्याकडचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर मनात भरतं. मग कुठंतरी इसार दिला जातो. मग एजंटाच्या हातून अर्ज भरून परवान्यावर बोअर, म्हणजे नळीच्या पोकळीचं माप, लिहून घेतला जातो. काडतुसं कुठं मिळतील, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो आणि तिथंच काम अडकतं. परवान्यावरचा बोअर बदलायचा म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा ठाण्याचा अहवाल, पुन्हा वाट पाहणं. आमच्याकडं रखडलेल्या कामांत सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, बनवण्यात नाही.

म्हणून क्रम उलटा धरा. जे काडतूस तुम्हाला पाच वर्षांनीही मिळणार आहे, ते आधी ठरवा. काडतूस ठरलं की बोअर ठरतो, बोअर ठरला की अर्ज बिनचूक भरता येतो, आणि मग रिव्हॉल्व्हर.

परवान्यावरचा आकडा

शस्त्र नियमांच्या यादीप्रमाणे .३८०, .४५५, .४५ रिमलेस आणि ९ मिमी या बोअरची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणजे पीबी आहेत. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकत नाहीत, तो केंद्र सरकारचा विषय आहे. तुमच्या परवान्यावर ‘एनपीबी’ (प्रतिबंधित नसलेला बोअर) असेल तर या चारांपैकी कशाचीही ऑर्डर आम्ही घेत नाही, कुणाचाही शब्द आणला तरी. अर्जात ‘.३८’ एवढंच मोघम लिहिलेलं असतं, तेव्हा तपासणाऱ्या कारकुनाला ते .३८० वाटतं आणि कागद मागं येतो. काडतुसाचं पूर्ण नाव लिहा. ‘.३२’ एवढंच नको, ‘.३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, रिव्हॉल्व्हर’ असं लिहा.

हे सांगायचं कारण असं की .३२ नावाची दोन काडतुसं आपल्याकडं सर्रास विकली जातात. एक रिव्हॉल्व्हरचं, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, साधारण २३.४ मिमी लांब असते आणि बुडाला ठळक कडा असते. दुसरं पिस्तुलाचं, .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिमी म्हणतात. ते आखूड असतं आणि त्याची कडा जेमतेम बाहेर आलेली असते. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बऱ्याचदा सहज उतरतं, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. चालत नाही. एसीपीचा मान्य दाब सुमारे २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, एस अँड डब्ल्यू लाँगचा १५,०००. शिवाय बारीक कडेमुळं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या त्याच्या भोकात, पक्कं बसत नाही, कधी घोडा पडूनही ठोका कमी पडतो. दोन्ही शस्त्रं घरात असतील तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

वेगळा बोअर म्हणजे नेमका कोणता

.३५७ मॅग्नम वरच्या प्रतिबंधित यादीत नाही, हे खरं. हे काडतूस १९३५ साली बाजारात आलं. त्याची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिमी जास्त लांब केली गेली, ती मुद्दाम. .३८ स्पेशलचा दाब सुमारे १७,००० पीएसआय, .३५७ चा ३५,०००. दुप्पट दाबाचं काडतूस जुन्या .३८ च्या चेंबरमध्ये शिरूच नये, एवढ्यासाठी ती लांबी. पण आपल्या सरकारी कारखान्यांत नागरिकांसाठी जी रिव्हॉल्व्हरं बनतात, त्यांत .३५७ नाही. परदेशातून मागवणं सर्वसाधारण परवानाधारकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्या वर्गांना, त्यांच्या खेळासाठी. म्हणजे .३५७ मिळालं तर ते बहुतेक वेळा आधीपासून देशात असलेलं, एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर येणारं जुनंच असतं. किंमत मागणाऱ्याच्या तोंडची. काडतुसं आयातीची, तीही अधूनमधून.

.३२ एच अँड आर मॅग्नम आणि .३२७ फेडरल मॅग्नम यांची नावं इंटरनेटवर वाचून येणारेही आहेत. दोन्ही .३२ च्याच घरातली, पुंगळी मात्र लांब आणि दाब कितीतरी जास्त. .३२७ चा ४५,००० पीएसआय आहे, म्हणजे एस अँड डब्ल्यू लाँगच्या तिप्पट. आपल्याकडचं .३२ चं रिव्हॉल्व्हर त्या दाबासाठी घडवलेलंच नाही. ‘सिलिंडरमध्ये थोडं खोल करून द्या’ असं सांगू नका. आमच्या परवान्यात विक्री आणि दुरुस्ती येते. चेंबर बदलणं, नळी आखूड करणं, नंबर असलेला भाग बदलणं येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ आणि ६ खाली हे परवान्याविना करणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. कुणी कारागीर रात्रीतून करून देतो म्हणाला, तर तो तुमचा परवानाही घालवेल आणि बहुधा बोटंही.

वेगळेपण हवंच असेल तर त्यातल्या त्यात सरळ वाट .२२ एलआर (लाँग रायफल) ची आहे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं ‘निडर’ हे .२२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. काडतूस मिळतं, स्वस्त पडतं, सराव परवडतो. मात्र .२२ च्या रिव्हॉल्व्हरचा घोडा रिकाम्या चेंबरवर पाडायचा नाही. प्राइमर, म्हणजे ठोक्यानं पेट घेणारा मसाला, कडेत असल्यानं फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथं खाच पडते. मग पुंगळ्या अडकायला लागतात आणि ग्राहक काडतुसाला दोष देतात.

आणखी एक हिशोब २०१९ च्या दुरुस्तीमुळं आला आहे. एका व्यक्तीला आता दोनच शस्त्रं ठेवता येतात. पिकाच्या राखणीची १२ बोअर आधीच असेल तर तुमच्याकडं एकच जागा उरते. ती जागा वर्षाला दहा काडतुसंही न मिळणाऱ्या बोअरला द्यायची का, हे घरात बसून ठरवा. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही तोच बोअर मंजूर असलेलाच लागतो.

आम्ही सहसा काय सुचवतो

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग. हे काडतूस १८९६ चं आहे, पण आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्यात बनतं आणि मिळतं. त्यात निवडीला जागा आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं मार्क ३ हे मधून मोडून उघडणारं. ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे अर्धा किलो वजनाचं. २०२३ साली आलेलं ‘प्रबल’ बाजूला सिलिंडर बाहेर काढणारं आहे. पूर्वी विलायती मालात मिळणारी ही सोय आता देशी मालात आहे, आणि ज्यांना ‘वेगळं’ हवं असतं त्यांच्यातले बरेच जण प्रबल हातात घेतल्यावर बोअरचा हट्ट सोडतात.

तुमच्या हाताप्रमाणे करून देता येतं, ते इथं. मूठ शिसमाची किंवा सागवानाची, हाताच्या मापानं. माप घेताना तुम्ही रिकामं शस्त्र नेहमीसारखं धरायचं आणि तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या मधोमध येतं का, हे आम्ही पाहतो. पेराची घडी चापावर आली तर मूठ बारीक आहे, नुसतं टोक पोहोचत असेल तर जाड आहे. या दोन-तीन मिमीनं नेम डावीकडं-उजवीकडं जातो, आणि लोक साइट घासायला आणतात. साइटला पांढरा ठिपका, फिनिश, कातडी पट्टा-केस, हेही होतं. घोड्याची स्प्रिंग हलकी करून द्या म्हणाल तर आम्ही नकार देतो. ठोका कमी झाला की आपल्याकडच्या काडतुसांचे प्राइमर फुटत नाहीत आणि ऐन वेळी नुसती टकटक ऐकू येते. आतले घासणारे भाग आम्ही साफ आणि गुळगुळीत करून देतो, त्यानंही चाप पुष्कळ मऊ येतो.

ताब्यात देताना काय तपासतो

नवं असो वा परवान्यावरून आलेलं जुनं, सहाही चेंबर एकेक करून पाहतो. घोडा सावकाश मागं ओढला की तो पूर्ण चढण्याआधी सिलिंडर जागेवर ‘कट्ट’ करून बसला पाहिजे. पाच चेंबर बसतात आणि एक ढिला राहतो, असं जुन्यात हमखास सापडतं. त्या एका चेंबरची गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी जाते आणि शिसं खरवडून बाजूनं उडतं. सिलिंडर आणि नळीमधली फट फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतो. साधारण ४ ते १० हजारांश इंच, म्हणजे ०.१० ते ०.२५ मिमी, ठीक. त्याहून जास्त असेल तर गरम वायू बाजूनं निघतो आणि जोरही कमी होतो. फट बरोबर असली तरी तिथून झोत निघतोच, म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोट कधीही तिथं आणू नका. हे काम वेळ खातं, आणि याच कारणानं आम्ही ‘आज दाखवलं, आज दिलं’ करत नाही. घाईवाल्यांनी आम्हाला माफ करावं. तपासल्याचा कागद सहीनिशी बिलासोबत मिळतो आणि पहिल्या वर्षीची साफसफाई त्यातच येते.

घरी नेल्यावर दोनच गोष्टी. कातडी केसमध्ये शस्त्र महिनोन्‌महिने ठेवू नका. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि पावसाळी ओल मिळून एका हंगामात निळ्या फिनिशवर खड्डे पाडतात. केस नेण्यापुरतीच, ठेवायला कोरडं सुती कापड. दुसरं, तेल पातळ आणि थेंबभरच. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ जाड तेलात बसली की आत खळ तयार होते आणि सिलिंडर जड फिरतो. भरलेल्या काडतुसांवर तेल तर अजिबात नको, ते प्राइमरमध्ये झिरपतं. चालवताना आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा चाप ओढू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. सिलिंडर रिकामा करून शस्त्र आमच्याकडं घेऊन या.

वाड्यातली जुनी रिव्हॉल्व्हरं

निजामाच्या राज्यापासून चालत आलेली वेब्ली, म्हणजे विलायती रिव्हॉल्व्हरं, मराठवाड्यात अजून पुष्कळ घरांत आहेत. देशमुखांच्या, पाटलांच्या वाड्यात आजोबांच्या नावावरचं .४५५ निघतं आणि नातू म्हणतो, याचं .३२ करून द्या. होत नाही, वर सांगितलेल्याच कारणांनी. परवानाधारक वारला असेल तर ते शस्त्र घरात ठेवणंच बेकायदेशीर ठरतं. आधी ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात कलम २१ खाली जमा करा, पावती घ्या, मग वारसाचा अर्ज करा. जमा ठेवण्याची सोय आमच्याकडं आहे. तेल-पुसणी आम्हीच करतो, कारण हे जुनं पोलाद आहे, फडक्यात गुंडाळून पडलं की गंजतं. ते जपण्यासारखंच असतं.

इसार आणि वेळ

मूळ परवाना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही एक रुपयाही इसार घेत नाही. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), बोअर, काडतुसांची मंजूर संख्या, खरेदीची मुदत आणि क्षेत्र, हे पाच रकाने आम्ही तुमच्यासमोर वाचतो. क्षेत्राचा रकाना लोक विसरतात. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल आणि तुम्ही स्वतः कानपूरला जाऊन शस्त्र घेतलंत, तर ते वाटेत तीन राज्यांतून आणणार कोणत्या कागदावर? आमच्यामार्फत मागवलं तर वाहतुकीची परवानगी आमच्या बाजूनं असते. दुकानाचा भाव कारखान्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, तो याचाच आहे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात आणि नव्या नोंदी थांबतात. जिल्हा परिषद किंवा विधानसभा तोंडावर असेल तर ऑर्डर त्याआधी द्या किंवा निकालानंतर.

येताना मूळ परवाना, आधार, दोन फोटो आणि आधीच्या शस्त्राचं बिल आणा. शस्त्र आणणार असाल तर सिलिंडर रिकामा, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि काउंटरवर ठेवण्याआधी आमच्या माणसाला ‘रिकामं आहे’ म्हणून सांगा. तो तरीही उघडून पाहील.